चार वर्षांचं बी

व्हर्नन काउंटी, विस्कॉन्सिन
१९ फेब्रुवारी

प्रिय हार्लन,

ओकच्या उताराखालच्या दोन एकरांत या वर्षी मका लावत नाही. तो तुकडा हरणांना देते आहे. बसून वाच.

तुकड्याच्या कडेला पत्र्याची खोली उभी केली. डेल्मर कोपेकी आणि मी, चार दिवसांत. गाडी दारापर्यंत येते. एक पायरी होती, तीही त्याने काढून उतार करून दिला. आत दोन खुर्च्या, शेगडी, तीन खिडक्या. तुझा खुबा बदलल्यापासून तू जंगलात चढत नाहीस. मग हरणांनी खाली यावं. नोव्हेंबरात बंदुकीच्या शिकारीचा हंगाम उघडेल, त्या पहिल्या शनिवारी तू त्या खुर्चीत बसलेला मला हवा आहेस.

प्रश्न बियाण्याचा. मर्व्हिनशी लग्न करून आले तेव्हापासून, आणि तो गेल्यावरही, मी मका पेरला, ओट पेरले, लसूणघास पेरला. हरणांनी त्यातलं सगळं खाल्लं, पण त्यांच्यासाठी म्हणून मी कधी काही पेरलं नाही. डेल्मरच्या दुकानात आता एक अख्खी भिंत त्या पोत्यांची आहे. सगळ्यांवर शिंगवाल्या हरणाचा फोटो, आणि मला वाटतं सगळ्यांवर एकच हरीण. तो म्हणतो किरमिजी क्लोव्हरचा चारा आणि ओट घे. ऑगस्टात पेरायचं, ऑक्टोबरात हिरवंगार, हिवाळ्यात संपलं. मला ते पटतं. याच वर्षी उगवलं पाहिजे.

तू काय म्हणतोस? फोन करू नकोस. या खोऱ्यात तो लागत नाही, आणि लागला तर तू नुसतं हॅलो म्हणत बसतोस.

नेल्डा


ओ क्लेअर
२७ फेब्रुवारी

नेली,

तुझं पत्र आल्यापासून मी घरात फेऱ्या मारतो आहे. जोनेल म्हणते, बाबा, खुबा. मी म्हणतो, दोन एकर.

किरमिजी नको. ते लग्नातल्या केकसारखं असतं, फोटोपुरतं. पांढरं लॅडिनो क्लोव्हर घे आणि त्यात रुंद पानांची चिकोरी. एकरी सहा पौंड क्लोव्हर, दोन पौंड चिकोरी. जुलैत पाऊस दडी मारतो तेव्हा क्लोव्हर मान टाकतं. चिकोरीचं मूळ हातभर खाली गेलेलं असतं, ती उभी राहते. क्लोव्हर जमिनीला नत्र देतं, चिकोरी ते खाते. दोघांचं जमतं. पहिल्या वर्षी विरळ दिसेल, घाबरू नकोस. दुसऱ्या वर्षी तुला तुकडा ओळखू येणार नाही. चार वर्षं टिकेल.

पोत्यावरचं हरीण बघू नकोस. मागे लेबल असतं, ते वाच. स्वस्तातल्या मिश्रणात निम्मं राय गवत घालतात. ते आठवड्यात उगवतं. माणूस खूश, हरीण उपाशी.

आणि तुला एकाच वर्षाचं का हवं आहे? तुकडा विकते आहेस का? त्या मिनिआपोलिसच्या वकिलाला? तसं असेल तर सांग. मग मी बियाण्यावरून भांडणार नाही, दुसऱ्या गोष्टीवरून भांडेन.

हार्लन


८ मार्च

प्रिय हार्लन,

विकत नाही. वकील येऊन गेला. त्याला कॉफी दिली आणि परत जायचा रस्ता दाखवला.

दुकानात जाऊन मी एक पोतं उलटं केलं. डेल्मर म्हणाला, "लेबल वाचणारी तू पहिलीच."

"हार्लनने सांगितलं."

"तुझ्या म्हाताऱ्या भावाला सांग, माझ्या दुकानात राय गवत मिळत नाही."

मी वाचलं, "राय गवत, चव्वेचाळीस टक्के."

त्याने चष्मा लावला. लेबल बराच वेळ बघितलं. "छपाईची चूक असेल," म्हणाला. मग आत गेला आणि सुटं लॅडिनो घेऊन आला, न मिसळलेलं. सुटी चिकोरी त्याच्याकडे नाही.

ठीक आहे, तुझं मिश्रण पेरते. पण मला अजून याच वर्षीचं हवं आहे. कारण विचारू नकोस. दोन्ही एकत्र पेरलं तर? डेल्मर म्हणतो, ओट आधी उठतील आणि बाकीच्यांना सावलीत मारतील.

तुझी अक्षरं मोठी झाली आहेत. पेन बदललंस का?

नेल्डा


१५ एप्रिल

नेली,

पेन बदललं.

सोबत कॉफीचा डबा आहे. आत चिकोरीचं बी आहे. कॉफी समजून उकळू नकोस. डेल्मरला वास घेऊ दे, फक्त वास.

शेतात चुना टाकल्याचं कळवलंस, छान. आता नीट वाच. आधी रूळ फिरव. जमीन इतकी घट्ट हवी की बुटाचा ठसा उमटावा पण टाच बुडू नये. मग बी फेक. मग पुन्हा रूळ. बस. बी वाळूच्या कणाएवढं आहे. पाव इंचाखाली गेलं की वर येत नाही.

कुळव नाही. पुन्हा लिहितो, कुळव नाही.

ईस्टरला जोनेलबरोबर येतो. तेव्हा तुकड्यावर ने.

हार्लन


१४ जून

प्रिय हार्लन,

तीन मेला पेरलं. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं.

रूळ फिरवला. बी फेकलं. पुन्हा रूळ फिरवला. मग ट्रॅक्टरवरून उतरून बघितलं तर बी तसंच वर पडलेलं, उघडं. कुंपणावर पाखरांची रांग बसली होती, माझ्या जाण्याची वाट बघत. चाळीस वर्षांत बी उघडं टाकून मी कधी घरी गेले नाही. मला ते बघवेना. कुळव जोडला आणि दोन फेऱ्या मारल्या.

सहा आठवडे झाले. रानमोहरी आली आहे, भरघोस. क्लोव्हर कुठे कुठे. चिकोरी फक्त एका ओळीत, जिथे वळताना मी कुळव उचलला होता.

पण ऐक. परवा सकाळी उतारावरून एक मादी उतरली, मागे पाडस. सगळा तुकडा ओलांडून ती सरळ त्या ओळीवर आली. एका टोकाला सुरुवात केली आणि दुसऱ्या टोकाला थांबली. इकडे तिकडे तोंड घातलं नाही. खाऊन झाल्यावर ओळीच्या शेवटी उभी राहिली, जशी आणखी वाढायची वाट बघत होती. मी खोलीत बसून हे सगळं पाहिलं आणि कॉफी थंड केली.

म्हणजे तुझंच खरं. आणि मी ते गाडून टाकलं.

नेल्डा


२२ जून

नेली,

मी दोनदा लिहिलं होतं. एकाच पत्रात दोनदा.

एक सांगतो. तुला चार वर्षांचं शेत नकोच होतं. पहिल्या पत्रापासून नको होतं. कुळव हा बहाणा. काय आहे ते लिही, नाहीतर नोव्हेंबरात मी येत नाही. खोलीत कोंबड्या ठेव.

हार्लन


१ जुलै

हार्लन,

कुळव हा बहाणा नव्हता, ती माझी खोड आहे. पण तू विचारतोस म्हणून सांगते.

ईस्टरला तू मटाराचं भांडं शोधत होतास. ते तुझ्या हातासमोर होतं. तुझी गाडी जोनेलने तिच्या कामासाठी घेतली म्हणालास. जोनेलकडे गाडी आहे. तुकड्यावर तुला उभं केलं तेव्हा मी म्हणाले, उतारावर बघ, टर्की कोंबडा चाललाय. तू म्हणालास, मोठा आहे. टर्की नव्हता तिथे. मी मुद्दाम म्हणाले होते. क्षमा कर.

तुझ्या शेवटच्या पत्रात दोन ओळी एकमेकींवर बसल्या आहेत.

मला वाटलं, या नोव्हेंबरात तुला दिसेल, पुढच्या नोव्हेंबरचं सांगता येत नाही. म्हणून मला याच वर्षी उगवणारं हवं होतं. चार वर्षांचं पेरून तू पहिल्याच वर्षी विरळ तुकडा बघावास, आणि भरेल तेव्हा दिसू नये, हे मला सोसलं नसतं. एवढंच होतं.

हे तुला जोनेल वाचून दाखवत असेल, तर जोनेल, तूही लिही.

नेल्डा


१२ जुलै

नेली,

जोनेल लिहिते आहे, मी बोलतो आहे. ती मध्ये मध्ये डोळे पुसते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

(मी पुसत नाहीये. मला सर्दी आहे. जोनेल)

नजरेच्या मधोमध डाग आहे. कडा शाबूत आहेत. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. तसं फार बिघडत नाही. तुझा अंदाज एका वर्षाने चुकला. गेल्याच हंगामात मला दुर्बिणीतून काही दिसलं नव्हतं. दोन दिवस बसलो आणि सगळ्यांना सांगितलं, काही आलं नाही. सगळ्यांनी मानलं. कोण कशाला शंका घेईल.

चार वर्षांचं बी मी का मागितलं, आता सांगतो. जो माणूस चार वर्षांचं बी मागतो त्याला कोणी डोळ्यांचं विचारत नाही.

पण एक रस्ता आहे. ज्याला दिसत नाही त्यालाही राज्य परवाना देतं. नेम दुसऱ्याने बघायचा, चाप त्याने ओढायचा. दुर्बीण बंदुकीच्या डाव्या अंगाला बसवून मिळते. मी बंदूक धरून बसेन, तू माझ्या खांद्यापाशी डोळा लावशील आणि सांगशील. डावीकडे, उजवीकडे, आता.

डेल्मर नको. तो बोलत राहतो. तू हवीस. तू बंदुकीला कधी हात लावला नाहीस, म्हणून हवीस. शिकारी माणसाला त्याला हवं ते दिसतं. तुला जे दिसेल तेच तू सांगशील.

हो म्हणालीस तर ऐक. वर्ष गेलेलं नाही. ऑगस्टचा पहिला आठवडा या बियाण्याला मेपेक्षा बरा. तण मारून घे. उताराकडे तुझे ओट आणि किरमिजी पेर, खोलीच्या बाजूला माझं. आणखी एक डबा पाठवतो आहे. कुळव डेल्मरच्या गोठ्यात नेऊन ठेव आणि किल्ली त्याच्याकडे दे.

हार्लन

(आत्या, हो म्हण. एप्रिलनंतर बाबा पहिल्यांदा नीट जेवले. जोनेल)


२५ ऑगस्ट

प्रिय हार्लन,

हो.

सहा ऑगस्टला पेरलं. रूळ, बी, रूळ. पाखरं आली. मी घरात गेले, पडदे ओढले आणि नाताळात करतो त्या बटाट्याच्या पोळ्या, लेफ्सा, लाटायला घेतल्या. बत्तीस झाल्या. डेल्मर म्हणाला, ऑगस्टात लेफ्सा कोण करतं. मी म्हणाले, ज्याचा कुळव तू कोंडून ठेवलायस ते.

तिसऱ्या दिवशी पाऊस. दहाव्या दिवशी मी गुडघ्यांवर बसून बघितलं. हिरवी धूळ पसरल्यासारखी. आज चिकोरी चार बोटं आहे. ओट वीतभर. रोज सकाळी जाते, दुपारी जाते, जेवल्यावर पुन्हा जाते. उगवताना ऐकू येतं का म्हणून थांबते. वेडं म्हण.

बंदुकीचा सराव सुरू केला. डेल्मर डोळे मिटून तू होतो. शंभर पावलांवर कागदी बशी.

मी म्हणाले, "डावीकडे."

"किती?"

"थोडं."

"तुझं थोडं की माझं थोडं?"

पहिल्या दिवशी आम्ही गवताची एक गासडी मारली, जी बशीच्या उजवीकडे पंधरा फुटांवर होती. मग मापं ठरवली. बोट, दाणा, केस. एक बोट डावीकडे, एक दाणा खाली, केसभर वर. काल बारापैकी नऊ बशीत. डेल्मर डोळे उघडून नाचला. त्याचं नाचणं तुला दिसत नाही यात तुझा फायदा आहे.

नेल्डा


२० ऑक्टोबर

नेली,

परवाना आला. जोनेलने तो फ्रिजवर लावला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते. पोस्टमनलाही दाखवला.

केस, दाणा, बोट आम्हीही पाठ केलं. ती सांगते, मी बंदूक हलवतो. दिवाणखान्यातल्या घड्याळावर नेम धरतो. शेजारीण आली, बघून परत गेली.

एक नियम. "आता" हा शब्द एकदाच. "आता थांब" म्हणू नकोस. "आता डावीकडे" म्हणू नकोस. "आता कॉफी घेतोस का" म्हणू नकोस. तो शब्द ऐकला की मी चाप ओढणार.

चिकोरी किती उंच झाली ते हाताने मोजून लिही. फूट-इंच लिहू नकोस, मला त्याने काही कळत नाही.

हार्लन


३ नोव्हेंबर

हार्लन,

मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आणि वर दोन पेरं. पानं जिभेएवढी रुंद. क्लोव्हर घोट्यापर्यंत. तुझी बाजू माझ्या बाजूपेक्षा हिरवी आहे. हे डेल्मरने सांगितलं तर खरं मानू नकोस, मी सांगते म्हणून मान. काल सात हरणं मोजली. त्यातली सहा तुझ्या बाजूला.

मला झोप नाही. ही तक्रार नाही.

नेल्डा


२४ नोव्हेंबर

प्रिय हार्लन,

काल तुम्ही गेलात आणि मी टेबलाशी येऊन बसले. तशीच बसून आहे.

शनिवारी मी तुला सांगितलं, काही आलं नाही. आलं होतं. पावणेचार वाजता. आठ टोकांच्या शिंगांचा नर, चाळीस पावलांवर, चिकोरीत. दुर्बिणीतल्या दोन्ही रेघा त्याच्या खांद्यामागे बसल्या होत्या. काही हलवायचं नव्हतं, केसभरसुद्धा नाही. फक्त एक शब्द म्हणायचा होता. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. वाटलं, माझा श्वास त्याला ऐकू जाईल. तो खात राहिला. सहा मिनिटं. सहा मिनिटं मी तोंड उघडं ठेवून बसले होते. मग तो चालत गेला.

तू विचारलंस, "काही?"

मी म्हणाले, "काही नाही."

रविवारी काही आलं नाही, ते खरं आहे. पण शनिवारचं खोटं होतं. जे दिसेल ते सांगेन म्हणून तू मला निवडलंस. तुझी एक संधी मी घालवली आणि वर खोटं बोलले. डेल्मरला विचार. तो निदान बोलतो.

नेल्डा


२६ नोव्हेंबर

नेली,

मला माहीत होतं.

चिकोरीचं पान तोडलं की आवाज येतो, कोबीचं पान मोडल्यासारखा. क्लोव्हरचा येत नाही. तो आवाज मला सहा मिनिटं येत होता, आणि दुसऱ्या कानाशी तुझा श्वास, लोहाराच्या भात्यासारखा. मी बंदूक धरून बसलो होतो आणि मला वाटत होतं, हे संपू नये. डाग पडल्यापासून इतका चांगला दिवस मला मिळालेला नव्हता. "काही?" म्हणून मी विचारलं ते चुकलं. विचारायला नको होतं. मी विचारलं नसतं तर तू खोटं बोलली नसतीस.

हे जे तुला झालं ते सगळ्यांना होतं. मी चौदा वर्षांचा होतो, बाबांच्या शेजारी. माझा पहिला नर समोर आला. मी खटका मागे ओढत बंदुकीतल्या पाचही गोळ्या एकेक करून जमिनीवर पाडल्या. एकही उडवली नाही. वर बाबांना म्हणालो, पाच मारल्या, सगळ्या चुकल्या. बाबांनी गोळ्या गोळा केल्या, कोटाने पुसल्या आणि माझ्या हातात दिल्या. म्हणाले, "वारा होता."

तर शनिवारी वारा होता.

हंगाम रविवारी संपतो. उद्या थँक्सगिव्हिंगची मेजवानी, परवा जोनेल भांडी घासेल, शनिवारी पहाटे मला घेऊन निघेल. डेल्मरला विचारणार नाही. शब्द फुटला नाही तर माझा गुडघा दाब. मला तेवढं पुरे.

हार्लन


२ डिसेंबर

प्रिय हार्लन,

मांस डेल्मरच्या मेव्हण्याकडे आहे. निम्म्याचं सॉसेज, मागच्या पायांचे तुकडे तसेच. शनिवारी जोनेल घेऊन जाईल. शिंगं सहा टोकांची, तुला पाठवत नाही, खोलीच्या दारावर ठोकते.

डेल्मरने पोट उघडलं तेव्हा मी बघायला गेले. वर्षभराचा निकाल बघायचा होता. आत तीन चतुर्थांश ओकची फळं होती. एक मूठ हिरवं. त्यात तुझं किती आणि माझं किती, ते डेल्मरलाही सांगता आलं नाही, आणि तो सगळं सांगतो.

गाडीत बसताना तू विचारलंस, कसा होता. मी म्हणाले, मोठा. त्याहून जास्त मला तेव्हा बोलवेना. आता सांगते. जोनेल, सावकाश वाच.

रविवारी सकाळचे साडेसात झाले होते. तुकड्यावर हिम होतं, पांढरं, आणि आपल्या बाजूला त्यातून चिकोरीची पानं वर आलेली. तीन माद्या आधीच चरत होत्या. तो उतारावरून आला, धावत नाही, जसा कोणी ओळखीच्या घरी येतो तसा. ओटमध्ये थांबला नाही. माझ्या किरमिजीकडे बघितलंही नाही. माद्यांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या. त्याचा एक कान टोकाला फाटलेला होता. श्वासाची वाफ निघत होती. मी तुला एक बोट डावीकडे म्हणाले, मग एक दाणा खाली. तो आडवा उभा राहिला. मी म्हणाले, केसभर वर. त्याने मान वळवली आणि खोलीकडे बघितलं. तेव्हा हात तुझ्या गुडघ्याकडे नेला आणि तो तिथे पोचायच्या आत मी बोलले. कुणी दुसरंच बोलल्यासारखा आवाज होता, पण शब्द बरोबर होता.

तो तीन पावलं गेला आणि बसला. मग आडवा झाला. त्याला वेळ लागला नाही, हे तुला सांगायचं होतं.

माद्या उतारावर पळाल्या. तू विचारलंस, "पडला?" मी म्हणाले, "पडला." तू टोपी काढून मांडीवर ठेवलीस. मला वाटलं उठावं, जावं, बघावं. तेवढ्यात त्या परत आल्या. तिघी. त्याच्यापासून दहा पावलांवर, त्याच्याकडे पाठ करून, चरायला लागल्या. एक तर खिडकीच्या इतकी जवळ होती की तिच्या पापण्यांवरचं हिम दिसत होतं. मी तुला सांगणार होते. तोंड उघडलंही. या वेळी आवाज होता.

मग तुझ्याकडे बघितलं. तू खिडकीकडे कान करून बसला होतास आणि हसत होतास. म्हणून मी काही बोलले नाही.

नेल्डा